गाडीचं टोपडं

आमची गाडी चालत होती, एवढाच तिचा दोष.

बटण दाबलं की सुरू व्हायची, मला चिखलीहून कुरुळीला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. कुरुळीच्या एका कंपनीत मी खरेदी विभागात आहे. लग्नाआधीपासून ती मोटारसायकल मीच चालवत आले. संघर्ष, म्हणजे माझा नवरा, चाकणला कंपनीच्या बसने जातो. त्याचा आणि गाडीचा संबंध रविवारी धुण्यापुरता. मग मी बाळंतपणाच्या रजेवर गेले, गाडी पार्किंगमध्ये रिकामी उभी राहिली, आणि रिकामी उभी असलेली धडधाकट वस्तू इंजिनातल्या माणसाला बघवत नाही.

संघर्ष इंजिन टेस्टिंगला आहे. एकासारखं एक इंजिन त्याच्यासमोर येतं, तो ते चालवून बघतो आणि ओके म्हणतो. "दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्याला ओके म्हणायचं," तो एकदा म्हणाला, "एक तरी असं पाहिजे ना, जे आपण घडवलं." तेव्हा संबोधी त्याच्या मांडीवर होती, महिन्याची. तिच्या जावळावरून हात फिरवत तो इतक्या हळव्या आवाजात बोलत होता की मला वाटलं, लेकीबद्दलच बोलतोय. मी म्हटलं, बरोबर आहे.

ही माझी संमती समजण्यात आली.

मग पिस्टन मोठा आला. हवेची वाट रुंद झाली. हवा गाळणारी मूळची बंद पेटी गेली आणि तिच्या जागी उघडा, लाल, शंकूसारखा फिल्टर इंजिनाच्या कडेला बाहेर डोकावायला लागला. "गाडीला मोकळा श्वास मिळाला पाहिजे," संघर्ष म्हणायचा. मोकळा श्वास हे शब्द त्या महिन्यांत आमच्या घरात फार ऐकू आले. मी तेव्हा एका हाताने बाळाला थोपटत दुसऱ्या हाताने कुकर लावत असे.

सगळ्यात शेवटी एक काडेपेटीएवढी डबी आली. इंजिनात पेट्रोल किती फवारायचं ते ही डबी ठरवणार, आणि डबीला ते शिकवणार लॅपटॉपवरचा आकड्यांचा तक्ता. त्याला ही मंडळी मॅप म्हणतात. मूळ गाडीत आत येणारी हवा जोखणारा सेन्सर होता. तो नव्या पिस्टनशी जुळेना म्हणून त्याला बाजूला बसवलं. आता मूठ किती पिळली ते बघून डबी अंदाजाने पेट्रोल सोडणार. थोडक्यात, हवा खरोखर किती येते ते कुणीच मोजणार नव्हतं. आमच्या विभागात न मोजता माल आत घेतला तर मेमो मिळतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

मॅप बसवायला दर रविवारी पार्किंगमध्ये बैठक भरायची. संघर्ष अध्यक्ष. समोरच्या फ्लॅटमधला नवनाथ, मूळचा बीडकडचा, चाकणला पेंट शॉपमध्ये. त्याच्याकडे पान्ह्यांचा संच होता. आणि वरच्या मजल्यावरचा धनेश, तळवड्याला आयटीत. त्याने जन्मात पान्हा धरला नव्हता, पण लॅपटॉप त्याचा होता, त्यामुळे त्याचं मत शेवटचं असे. नवनाथने पहिल्याच रविवारी हँडलला लिंबू-मिरची बांधली. संघर्षने ती सोडून परत त्याच्या हातात दिली.

"नवनाथ, हे आपल्यात चालत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन ठेव राव जरा."

"मी कुठं म्हणतो याच्यानं पिकअप वाढतंय," नवनाथ म्हणाला. "नजर नको लागायला."

तेवढा जोर घेऊन ती गाडी करणार काय, हा प्रश्न मीही एकदा विचारला होता. मोशीच्या चौकात गाडीला आधी जितका वेळ उभं राहावं लागायचं, तितकाच यापुढेही लागणार होता. फक्त आता ती जास्त ताकदीने उभी राहणार होती. संबोधीला उचलून संघर्ष म्हणाला, "तुझ्या आईला पॅशन कळत नाही."

असो. रजा संपत आली तसं हे सगळं गमतीचं राहिलं नाही.

मंजुषा मॅडमचा, म्हणजे माझ्या विभागप्रमुखांचा, फोन आला. "मिनल, सोमवारी साडेसातला खुर्चीत दिसली पाहिजेस. साहेबांनी तुझ्या जागेसाठी दोघींच्या मुलाखती घेऊन ठेवल्यात. मी सांगितलंय, ती येणार. आणि ऐक, दूध पाजायला जायला तुला दुपारची जेवणाची सुट्टी वाढवून घेतलीय. पण वेळेत परत यायचं. त्यात फसलीस तर माझं नाक कापलं जाईल."

संबोधी बाटलीला तोंड लावत नाही. बाटली दिसली की अंगाला सुई लागल्यासारखी मान फिरवते. कंपनीची बस धरायची तर सकाळी अंधारात निघून संध्याकाळी दिवेलागणीला परत. मधे घरी येणं नाही. दुचाकीवर मात्र दुपारी येऊन, तिला पाजून, परत जाता येत होतं. म्हणजे गाडी असेल तर नोकरी आणि दूध दोन्ही. गाडी नसेल तर दोहोंतलं एक, आणि त्यात निवड काय करायची होती? नोकरी जाणार होती.

"शनिवारच्या आत गाडी ओके," संघर्ष म्हणाला. ओके म्हणायचा त्याला सराव होताच.

आणि खरोखर, शुक्रवारी ती ओके झाली. तिघांनी आधीचे तीन आठवडे तक्त्यातला एकेक आकडा हलवून बघितला होता. शुक्रवारी संध्याकाळी संघर्षने सीटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला, गाडी सुरू केली, आणि पाण्यावर नुसती बारीक थरथर. धनेशने मॅप 'फायनल फायनल' या नावाने जपून ठेवला. नवनाथ म्हणाला, "काय बोलती राव, नुसती मांजर." वडापाव आले. मलाही एक वर पाठवला.

शनिवारी सकाळी मी संबोधीला कडेवर घेऊन भाजी आणायला खाली उतरले. आमची गॅलरी बरोब्बर पार्किंगच्या वर आहे. दोरीवरचे कपडे वाऱ्याने पडतात आणि वॉचमन ते उचलून जवळ जी गाडी असेल तिच्यावर टाकून ठेवतो. कुणाचं धोतर, कुणाची उशी, सगळं गाड्यांवरच सापडतं. आमच्या गाडीच्या कडेला मला संबोधीचं निळं टोपडं दिसलं, पांढऱ्या गोंड्याचं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई गिरजाबाईंनी, ती जन्मली तेव्हा विणलेलं. धुळीने मातकट झालं होतं. चिखलीत रस्त्याच्या एका बाजूला इमारती उठतायत आणि दुसऱ्या बाजूला भंगार फुटतंय, इथे रुमाल तासभर बाहेर राहिला तर त्याचा रंग विचारावा लागतो. मी टोपडं ओढून काढलं, वर नेऊन साबणात भिजत घातलं, दुसऱ्या दिवशी उजाडता धुऊन दोरीवर टाकलं.

रविवारी सकाळी म्हटलं, उद्या निघायचं तर एक फेरी मारून बघावी. हेल्मेट घातलं, बटण दाबलं. गाडी खोकली. पुन्हा दाबलं. सुरू झाली, पण दम लागलेल्या माणसासारखी. गेटबाहेर पडून मूठ पिळली तर पुढे जाण्याऐवजी ती जागीच फटफट आवाज काढायला लागली, आणि पिठाच्या गिरणीसमोर येऊन मेली. गिरणीवाले कोंडाजी मामा दळण थांबवून बाहेर आले.

"पेट्रोल हाय का पोरी?"

"आहे मामा. मॅप आहे, पेट्रोल आहे, सगळं आहे."

ढकलत आणली.

तासाभरात बैठक भरली. चाकणच्या माणसाला संकट आलं की तो आधी आकृती काढतो. संघर्षने पार्किंगच्या भिंतीवर खडूने माशाचा सांगाडा काढला. डोक्यात लिहिलं, 'गाडी लीन'. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. एकेका काट्यावर एकेक कारण: माणूस, मशीन, माल, पद्धत, हवामान. माणूस या काट्यावर नवनाथने माझं नाव सुचवलं, कारण शेवटी चालवली मी होती.

"वहिनींनी मूठ एकदम पिळली असंल."

"वहिनी चार वर्षं मूठ पिळतायत," मी गॅलरीतून म्हटलं.

मग सुरू झालं 'पाच वेळा का'. कंपनीत त्यांना हे शिकवलंय: एखादी गोष्ट बिघडली की पाच वेळा का विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं.

"गाडी कामून बंद पडली?" नवनाथने विचारलं.

"लीन झाली म्हणून."

"लीन कामून झाली?"

"पेट्रोल कमी पडलं."

"कमी कामून पडलं?"

"इंजेक्टरने कमी फवारलं."

"त्यानं कामून कमी फवारलं?"

"मॅपमध्ये तेवढंच आहे."

"मंग मॅपमधी कामून तेवढंच है?"

"कारण शुक्रवारी तेवढंच बरोबर होतं," धनेश म्हणाला. पाचही 'का' संपले होते.

त्यांनी पेट्रोल बदललं. स्पार्क प्लग पुसून बसवला. बॅटरी काढून परत लावली, कारण धनेशच्या अनुभवात बंद करून चालू केलं की निम्मी दुनिया सुधारते. आकडे वर केले तर गाडी काळा धूर सोडू लागली, खाली केले तर फटाके. आई संबोधीला घेऊन चहाचा थर्मास ठेवायला खाली गेल्या होत्या. त्या जरा वेळ बघत उभ्या राहिल्या.

"काय झालंय म्हणायचं तिला?"

"आई, हवा जास्त येतेय आतमध्ये," संघर्ष समजावणीच्या सुरात म्हणाला.

"मंग कमी करा की."

"इतकं सोपं नसतं ते."

"न्हाई का? बरं." आई वर आल्या.

मी घरात मंजुषा मॅडमना मेसेज लिहीत होते. 'मॅडम, मला सोमवारी' इथपर्यंत लिहिलं आणि पुढचे शब्द सापडेनात. संबोधी जमिनीवर पालथी पडून पुढे सरकायचा प्रयत्न करत होती. हात हलतात, पाय हलतात, पण ती मागेच जाते. मागे जाता जाता माझ्या पायाला लागली आणि वळून हसली. मी मेसेज खोडला. कपडे काढायला गॅलरीत गेले.

दोरीवर ते टोपडं होतं. वरून पाणी निथळून गेलं होतं, आत अजून ओल होती. उलटं करून बघितलं तर आतून गोल, फिकट लाल डाग. साबणाने गेला नव्हता. मी विचार करत राहिले, लेकराच्या डोक्याला असला लाल रंग कधी लागला?

खालून धनेशचा आवाज आला. "शुक्रवार आणि आज यात बदललं काय? डेटा म्हणतो, काहीच नाही."

मी खाली वाकून बघितलं. गाडीच्या कडेला लाल शंकू, उघडा, तेल लावलेला, उन्हात चमकत होता. बरोबर तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा.

मी टोपडं घेऊन खाली गेले.

"हे हिच्यावर घातलेलं होतं का?"

तिघांनी टोपड्याकडे बघितलं.

"अगं, प्री-फिल्टर! फिल्टरवरचं धूळ अडवणारं कव्हर!" संघर्षचा चेहरा उजळला. "कुठे सापडला? नवनाथने आणलेला."

"मी कामून आणतो? म्या म्हणलं तू मागवलास."

"मला वाटलं किटसोबत आलाय," धनेश म्हणाला.

"आणि हा गोंडा?" मी विचारलं.

संघर्ष हळूच म्हणाला, "ओढून काढायला सोपं जावं म्हणून असेल, असं मला वाटलं."

"मला वाटलं, पाणी निथळायला," नवनाथ म्हणाला.

धनेश लॅपटॉपवरचे आकडे पुन्हा वाचायला लागला.

मी हाक मारली तशा आई संबोधीला घेऊन पुन्हा खाली आल्या. टोपडं बघून म्हणाल्या, "व्हय, मीच घातलं. लई दिवस झाले. उघडं बोडकं दिसत व्हतं ते, अन् ही धूळ. पोरीला लहान व्हायला लागलं व्हतं, म्हणलं ह्याला व्हईल. बसलं बी बरोबर."

म्हणजे झालं होतं ते असं. संघर्षने गाडीचा श्वास मोकळा केला, आणि आईंनी मायेने तिचं नाक झाकलं. मग या तिघांनी तीन आठवडे खपून, एकेक आकडा जोखून, नाक झाकलेल्या गाडीला किती पेट्रोल लागतं ते अचूक शोधून काढलं. टोपड्यातून हवा कमी येत होती, म्हणून पेट्रोलही कमी ठेवलं. मी टोपडं काढलं, हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, आणि गाडी गिरणीसमोर मेली. इतके दिवस डोळ्यांसमोर गोंडा हलत असताना, हे काय आहे असं एकानेही विचारलं नाही, आणि आज तो गेला कुठे असंही नाही. विचारलं असतं तर आपल्याला ठाऊक नाही हे बाकीच्यांना कळलं असतं.

"हरकत नाही," संघर्ष लॅपटॉप ओढत म्हणाला. "मुळापासून नवा मॅप करू. टोपडं न घालता. फार तर तीन आठवडे."

आईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते. नावाने हाक मारली की त्याला कळतं.

"संघर्ष," मी म्हटलं. "उद्या साडेसात."

त्याने लॅपटॉप मिटला. टोपडं घेतलं आणि शंकूवर चढवलं. बटण दाबलं तर गाडी गुदमरली, धूर ओकून बंद झाली. ओल्या लोकरीतून हवा जाईना. मग चाकणचे दोन आणि तळवड्याचा एक, असे तीन अनुभवी लोक बाळाचं टोपडं हातात उंच धरून ऊन येईल तिकडे पार्किंगभर फिरले. धनेश केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. ते त्याच्याकडे आहे हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. वाळल्यावर पुन्हा चढवलं. सीटवर पेला ठेवला. बटण दाबलं.

पाण्यावर नुसती बारीक थरथर.

नवनाथ खिशातून काहीतरी काढून हँडलला बांधायला लागला. या वेळी संघर्षने दुसरीकडे बघितलं.

माझा जीव भांड्यात पडला, पण खरेदी विभागाचा पडेना. एकच नग, एकच पुरवठादार, बदली माल नाही. आमच्याकडे असा पार्ट पासच होत नाही. "आई," मी म्हटलं, "अजून एक लागेल. त्याच लोकरीचं, त्याच सुयांवर. आजच."

"व्हईल की. लोकर हाय उरलेली."

संघर्ष व्हर्नियर घेऊन आला. टोपड्याची जाडी मोजली, घेर मोजला. "आई, टाके किती असतात एका ओळीत? दोन टाक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं येतं ना?"

"मोजून विणतंय व्हय कुणी," आई म्हणाल्या. "हात सैल सोडायचा. लेकराला रुतता कामा न्हाई, एवढंच."

हे टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, संघर्षला कागदावर उतरवता येईना. तो आईंच्या सुयांकडे बघत बसून राहिला, कंपनीतल्या ऑडिटला आलेल्या साहेबांसारखा. दिवेलागणीच्या आत दुसरं टोपडं तयार झालं. गोंडा लावू नका म्हटलं तर आई म्हणाल्या, गोंड्याबिगर टोपडं म्हणजे पिशवी.

सोमवारी सकाळी मी तयार होऊन खाली आले. संघर्षची त्या आठवड्यात दुसरी पाळी, त्यामुळे तो घरीच. त्याने गाडी सुरू करून ठेवली होती. आई संबोधीला निरोपाला घेऊन आल्या. मी तिची पापी घेतली, ती रडेल म्हणून मन घट्ट करून ठेवलं होतं. ती रडली नाही. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तिने खाली बघितलं, गोंडा ओळखला, आजीच्या कडेवरून सगळं अंग झोकून हात लांबवला, आणि टोपडं ओढून घेतलं.

गाडी खोकली आणि मेली.

"संबू, दे बाळा ते," संघर्ष म्हणाला. संबोधीने गोंडा तोंडात घातला. धूळ होती त्याच्यावर, मी रुमालाने पुसायला गेले तर किंचाळली. आईंनी पदराखालून नवं टोपडं काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते बाटलीकडे बघते तसं बघितलं आणि मान फिरवली. तिला तिचंच हवं होतं. सकाळपासून एवढं एकच तिला आमच्याकडून हवं होतं.

"ऱ्हाऊ दे तिचं तिला," मी म्हटलं. "नवं गाडीला घाला."

"त्याची ट्रायल झालेली नाही, मिनल. आई काल दमली होती, हात घट्ट पडला असेल. थांब, लॅपटॉप आणतो."

"धनेश उठायचाय अजून. घाला."

त्याने घातलं. मी बटण दाबलं. गाडीने एकदा आवंढा गिळला. संघर्षने श्वास रोखून धरलेला मला दिसला. मग इंजिन लागलं, जरा खालच्या पट्टीत, पण एकसारखं. तो कान देऊन ऐकत होता. "किंचित रिच वाटतंय, पेट्रोल जास्त जातंय," तो म्हणाला. "एक आकडा खाली घेतला असता तर..."

मी गिअर टाकला.

मोशीच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळे उभे होते. शेजारी एक मुलगा, गाडी माझ्या गाडीच्या दुप्पट जाड. बराच वेळ माझ्या इंजिनाकडे बघत होता. शेवटी राहवलं नाही.

"ताई, फिल्टर कुठला हा?"

"गिरजाबाई," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, आपल्याला ठाऊक असल्यासारखी.

साडेसातला मी खुर्चीत होते. मंजुषा मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फाइलींचा गठ्ठा पुढे सरकवला. त्यांचं प्रेम दाखवायची ती पद्धत आहे. दुपारी मी घरी पोचले तेव्हा छाती दगड झाली होती. संबोधी आजीच्या कडेवर दाराशीच होती. एकदा हुंदका देऊन जी प्यायला लागली ती डोळे मिटूनच. एका मुठीत टोपडं. तिच्या कपाळावर गोंड्याचा एक पांढरा धागा चिकटला होता, तो मी काढला नाही.

गॅलरीतून खाली दोन गाड्या दिसल्या, नवनाथची आणि त्याच्या कंपनीतल्या कुणाची तरी. दोन्हींच्या मूळच्या पेट्या काढलेल्या, दोन्ही उघड्या बोडक्या. तिथेच, खाली गेलेल्या आईंपुढे नवनाथ हात जोडून उभा होता.

"मावशी, शनवारपर्यंत दोन नग तरी."

"आधी माझ्या नातीचा स्वेटर व्हणार," आई म्हणाल्या. "मंग बघू."

परत निघायला खाली उतरले तर संघर्ष गाडीपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना हळवा भाव.

"मिनल, एवढं छान चाललंय म्हणतेस, तर आता क्लचमध्ये थोडंसं..."

"सरका," मी म्हटलं.

बटण दाबलं. सुरू झाली. निघताना घरातल्या खुंटीवरची दुसरी चावीही मी पर्समध्ये टाकली होती. ती अजून तिथेच आहे.